बिनदुधाचा चहा

बाजारहत्नूर,
सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय पूनम अक्का,

रवीचा नमस्कार. भाऊजींनाही नमस्कार सांग. तेजूला अजून मामा म्हणजे काय ते कळत नसेल, तरी तिला माझ्याकडून एक पापा. मी बरा आहे. तुम्ही तिघं बरे असाल असं धरून चालतो.

परवा फोनवर तू विचारलंस, "चहा पितोस ना? फरक पडला का?" मी "हो" म्हणालो, तेवढ्यात तेजू रडायला लागली आणि ते तसंच राहिलं. म्हणून लिहितो आहे. फोनवर मला एका वेळी एकच वाक्य सुचतं, आणि तेही बहुतेक तू फोन ठेवल्यावर. कागदावर आधी कच्चं लिहून मग पक्कं करता येतं. हे पक्कं आहे.

राखीसोबत पाठवलेला ऊलाँग चहा मी तेव्हापासून रोज घेतो. पाकिटावरचं सगळं आधी वाचून काढलं, तू म्हणशील नेहमीप्रमाणे धोक्याच्या सूचना पहिल्यांदा. उपाशी पोटी घेऊ नये, जेवणाला लागून घेऊ नये, झोपेच्या आधी घेऊ नये. मग राहते दुपार. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, सगळे कापूस वेचायला शेतात असतात, तेव्हा मी पाणी ठेवतो. उकळी आली की गॅस बंद करून जरा थांबतो आणि मग पत्ती टाकतो. आपल्या दुकानातली पत्ती रव्यासारखी असते. ही तशी नाही. हिची वळलेली काळपट गोळी असते आणि पाण्यात ती हळूहळू उकलून अख्खं पान होते. पहिल्या दिवशी मी ते बघतच बसलो आणि चहा गार झाला. रंग मधासारखा येतो. तीच पानं दुसऱ्यांदाही चालतात, आणि मला तर दुसरं पाणीच जास्त आवडतं.

आता फायद्यांबद्दल. पाकिटावर लिहिलं आहे की हा हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधला, अर्धा आंबवलेला चहा असतो, त्यानं अंगातली चरबी लवकर जळते, साखर ताब्यात राहते, हृदयाला बरं असतं. मी पोती मोजायच्या काट्यावर उभा राहून वजन केलं. नऊ किलो कमी झालं आहे. दोनदा केलं, चप्पल काढूनही केलं. पँटला दोरी बांधावी लागते. आदिलाबादचं स्थळ आलं होतं, त्या मुलीची मावशी जानेवारीत मला बघायला आली होती आणि जाताना तेलुगूत बोलून गेली होती की पोरगा चांगला आहे पण "लावू" आहे, म्हणजे जाड. ती आता आली तर तिला दुसरा शब्द शोधावा लागेल.

आपल्या गावच्या आशा सेविका रुपाताई दुकानात साबण घ्यायला आल्या होत्या. त्यांना पाकीट दाखवलं. त्या म्हणाल्या, "चांगला हाय रे चहा. पन एकट्या चहानं एवढं नाई उतरत कोनी. तू पयले दिवसातून सात-आठ खेपा साखरेचा पीत होता, ते बंद झालं म्हनून थोडं उतरलं असन." त्या आणखीही काही बोलल्या, पण ते महत्त्वाचं नाही.

एक तोटा मात्र पाकिटावर लिहिलेला नाही. बसस्टँडच्या हॉटेलात डोमाजी आणि मंडळी बसतात ना, मी तिथे बसायचो. पहिले काही दिवस ते हसले. "या या, चिनी काढा! आमच्या कपाले हात लावू नका, आमी जाडच बरे." मग एकदा मी नुसता बसलो, त्यांचा चहा आला, त्यांचा संपला आणि ते उठले. आता जाताना दुकानाकडे बघून हात करतात, थांबत नाहीत. त्यांची काही चूक नाही. जो आपल्यासोबत काही पीत नाही त्याला कोणत्या कामासाठी हाक मारायची?

दिवाळीला तुला जमणार नाही असं तू म्हणालीस, त्याला काही हरकत नाही. तेजू लहान आहे, प्रवास लांबचा आहे, भाऊजींना सुट्टी नसेल. काही हरकत नाही. मी घर पुसून घेतलं आहे, ते तसंही दिवाळीला करावंच लागतं. तेजूनं अजून आपलं घर पाहिलं नाही एवढंच मनात आलं. हरकत नाही.

शेजारची बयनाकाकू बरी आहे. ती आपल्याकडे येत नाही, त्याचं कारण विशेष नाही, पुढे कधी लिहीन.

दुसरं पाकीट पाठवू का विचारलंस. अजून थोडं शिल्लक आहे. घाई नाही.

तुझा,
रवी


बाजारहत्नूर,
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. मागचं पत्र तुला मिळालं असेल किंवा वाटेत असेल. त्याच्या मागोमाग हे पाठवतो, कारण त्यात मी काही गोष्टी "महत्त्वाच्या नाहीत", "विशेष नाहीत" असं लिहिलं, आणि ते खरं नव्हतं.

शनिवारी इंद्रवेल्लीकडचे यशवंतराव आले होते. तुला आठवत असतील, दसऱ्यानंतर नवा मूग घेऊन येतात आणि आई त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा मूग घ्यायची नाही. ते बरेच महिने यवतमाळला लेकीकडे होते, त्यांना इकडचं काहीच माहीत नव्हतं. दारातूनच ओरडले, "बाई, मूग आनला व! मोजाले ये!" मी म्हटलं, काका, बसा, चहा करतो. आई आत नाही हे मला दारातच सांगता आलं नाही. चहा टाकला की सांगू असं ठरवलं.

दुपार होती. माझं पाणी उकळलेलंच होतं. मी त्यांना स्टीलच्या पेल्यात तोच ऊलाँग दिला.

त्यांनी पेल्यात पाहिलं. मग पेला खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कोन गेलं, बापू?"

मी सांगू शकलो असतो की काका, हा वजनाचा चहा आहे. तोंडाशी आलं होतं. पण मी म्हणालो, "आई."

"कवा?"

"होळीच्या आधी."

त्यांनी पुन्हा पेल्याकडे पाहिलं. "आन् आजून कोराच?"

"अक्का यायची आहे," मी म्हणालो.

अक्का, तुला आपली रीत माहीत आहे. तरी लिहितो, कारण तू पुण्याला आहेस आणि तिथे असं कोणी करत नसेल. घरात माणूस गेलं की चहात दूध पडत नाही. तेरवीला घरची लेक आपल्या हातानं पातेल्यात दूध टाकते, सगळे तो गोड चहा घेतात आणि घर मोकळं होतं. बाबांच्या वेळी तू टाकलं होतंस. तू बारावीत होतीस, आईनं खालून तुझं मनगट धरलं होतं. मी शाळा सोडून दुकानावर बसलो ते त्यानंतरच.

आईच्या वेळी तू दवाखान्यात होतीस, पोटावर टाके होते, तेजू आठ दिवसांची होती. तुला यायला जमणारच नव्हतं. तेरवीला बयनाकाकू दुधाचं भांडं घेऊन उभी राहिली. मी म्हणालो, काकू, थांब, अक्का येईल तेव्हा टाकेल. ती म्हणाली, "येडा झाला का तू? तेरवीले दूध नाई पडलं तं घर सुतकातच राह्यते. पूनम कवा येईन, का ठाव?" मी म्हणालो, येईल, पंधरा दिवसांत. ती चारचौघांत म्हणाली, "मंग जवा तुया घरी दूध पडन तवाच मी तुया घरचं पानी पीन." सगळ्यांनी तिच्या घरी जाऊन चहा घेतला. तेव्हापासून ती येत नाही. तिचं दार आणि आपलं दार यात फक्त तुळशीचं वृंदावन आहे.

म्हणजे मी बिनदुधाचा चहा पितो तो तुझ्या पार्सलमुळे नाही. मार्चपासूनच पितो आहे. आधी आपल्या दुकानातलीच पत्ती, नुसत्या पाण्यात. लोक विचारायचे, काऊन रे, दूध महाग झालं का? मला सांगता येत नव्हतं. मग राखीला तुझं पाकीट आलं आणि मला फार बरं वाटलं. आता विचारलं की सांगायला काहीतरी होतं. चरबी जळते. साखर ताब्यात राहते. सगळ्यांना पटलं. तुलाही.

रुपाताई पुढे काय म्हणाल्या तेही लिहितो. त्या म्हणाल्या, "तू जेवून नाई राह्यला, रवी. चहाचं नाव पुढं करू नको." मी एक वेळ भात लावतो आणि दुकानात उभ्यानं खातो. बसून खायला ताट घेतलं की समोर आईची जागा येते. आणि एका माणसाचं वरण किती करायचं त्याचं माप मला अजून सापडलेलं नाही, नेहमी दोघांचं होतं.

तर यशवंतराव. ते उठले नाहीत. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली तरी बसून राहिले आणि त्यांनी मला ते सगळं विचारलं जे इतक्या महिन्यांत कोणी विचारलं नाही, कारण इथल्या सगळ्यांना ते माहीतच होतं. कशानं गेली, दुखलं का, शुद्ध होती का, शेवटचं पाणी कोणी पाजलं. मी सांगितलं. सकाळी मिरच्या वाळत घालताना खाली बसली आणि म्हणाली, रवी, मला जरा गरगरतं. आदिलाबादला नेईपर्यंत बोलत होती. दुकान उघडं टाकून आलास का, असं विचारत होती. पाणी मीच पाजलं. तिनं तुझं नाव घेतलं होतं, पण ते तेजूबद्दल होतं, पोरगी कोणासारखी दिसते म्हणून. तू पाठवलेला तेजूचा फोटो मोबाइलवर आला तो आई गेल्यानंतर.

हे मी तुला पहिल्यांदा सांगतो आहे. फोनवर सांगता आलं नाही.

तेवढ्यात डोमाजी काडेपेटी घ्यायला आला. त्यानं टोपी काढून बसलेले यशवंतराव पाहिले, पेला पाहिला आणि हसायलाच लागला. "अवो काका, तो दुखवट्याचा नोहे! तो पतला व्हायचा चहा हाय, चीनचा! रवी शेठले लगन करायचं हाय."

यशवंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मला जमिनीत जावं असं झालं. मग ते डोमाजीला म्हणाले, "ते तुमाले ठाऊक. मले पोरानं जे सांगतलं ते खरं हाय." आणि त्यांनी पेला उचलून सगळा चहा संपवला. "कडू नाई," म्हणाले, "पर गवतावानी लागते." डोमाजी काडेपेटी घेऊन गेला, पैसे द्यायचे विसरला. मीही मागितले नाहीत.

जाताना ते म्हणाले, "पोरा, इतके दिवस घर असं ठेवत नसतेत. मेलेलीलेबी जाता येत नाई आन् जित्यालेबी. लेक येत असन तं लई चांगलं. नाई तं दिवाळी झाली का मी म्हातारीले घेऊन येतो. ती टाकन दूध. लेकीच्या जागी बाई चालते."

म्हणून हे पत्र आहे, अक्का. एकदा त्यांच्या घरच्या रुख्मिणीबाईंनी दूध टाकलं की टाकलं. पुन्हा टाकता येत नाही. ते तुझं आहे असं मी धरलं होतं. भाऊबीज गुरुवारी तेवीस तारखेला आहे. एक दिवस ये. तेजूला घेऊन ये किंवा एकटी ये, आदिलाबादला स्टेशनवर मी उभा असेन. येणार नसशील तर तसं सांग. फक्त "पाहू" म्हणू नकोस. तू "पाहू" म्हणालीस की मी पुन्हा घर पुसायला घेतो.

तुझा,
रवी


बाजारहत्नूर,
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

प्रिय अक्का,

नमस्कार. भाऊजींना नमस्कार. तेजूला दात येत आहेत असं तू म्हणालीस, तिला ज्वारीच्या भाकरीचा सुकलेला तुकडा धरायला दे, आई शेजारच्या पोरांना द्यायची.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती म्हणून मी नीट बोललो नाही, असं तुला वाटलं असेल. गर्दी नव्हती. तू जे म्हणालीस ते मला आधी नीट ऐकून घ्यायचं होतं.

तू म्हणालीस, सुट्टी होती. तिकीटही मिळत होतं. भाऊजी तर "जाऊन ये" म्हणत होते. तू म्हणालीस, "रवी, आई नाही त्या घरात मला पाय टाकवत नाही." आणि मग तुला रडू आलं आणि तू आपल्या इकडचं बोलायला लागलीस, किती दिवसांनी बोललीस, "मले नाई जमत रे, मले नाई जमत. तू टाकून घे ना दूध. कोनाच्याबी हातानं."

मी "बरं" म्हणालो. तेव्हा तेवढंच सुचलं. बाकीचं आता लिहितो.

मंगळवारी यशवंतराव बायकोला घेऊन आले. रुख्मिणीबाईंनी घरच्या म्हशीचं दूध बरणीत आणलं होतं, वाटेत हिंदकळू नये म्हणून तोंडाला फडकं बांधून मांडीवर धरून आणलं. बाई बुटक्या आहेत, ओटा त्यांना उंच पडला, मी पाट दिला. त्यावर उभ्या राहिल्या. मी सवयीनं तुझं पाकीट काढायला गेलो तर म्हणाल्या, "ते राहू दे. घरचीच पत्ती दे." आल्याचा तुकडाही मागितला. घरात आलं नव्हतं, मी दुकानातून आणलं.

दुधाची बरणी उचलल्यावर त्या थांबल्या. "लेकीचं नाव का हाय?"

"पूनम," मी म्हणालो.

"हे पूनमच्या हातचं हाय," असं त्या पातेल्याकडे बघून म्हणाल्या आणि दूध टाकलं.

मला वाटलं होतं, दूध पडलं की काहीतरी होईल. काय ते माहीत नाही, पण काहीतरी. काही झालं नाही. चहाचा रंग बदलला आणि तो वर आला, बाईंनी गॅस कमी केला.

यशवंतरावांनी अंगणातून हाक मारली, "बयनाबाई! या व, चा झाला!" काकू लगेच आली नाही. आली तेव्हा नेसलेलं लुगडं बदलून आली होती. उंबऱ्यावरच उभी राहिली. मी पेला दिला. तिनं एक घोट घेतला आणि म्हणाली, "साखर कमी हाय." मग पेला संपवला. जाताना माझ्या दंडाला हात लावून पाहिला, बाजारात कोंबडी पाहतात तसा. "का झालं रे हे? हाडं लागून राह्यली." आणि यशवंतरावांना म्हणाली, "याले म्या टोचून टोचून सांगतलं असतं, पर मीच बोलत नव्हती ना." तिला हसू आलं आणि तिनं ते पदरानं पुसलं.

संध्याकाळच्या आत ते दोघं गेले. मी चार पेले धुतले. बऱ्याच दिवसांनी चार धुतले.

मग मी ताट घेऊन बसलो. आईच्या जागेसमोरच बसलो. काकूनं दिलेलं वरण होतं, ते सगळं संपलं नाही, पण बसून खाल्लं.

अक्का, मी रागावलो नाही. हे वाक्य मी तीनदा कच्चं लिहून पाहिलं, खरं आहे का ते बघायला, आणि ते बहुतेक खरं आहे. पण एक गोष्ट लिहिली नाही तर पुन्हा मागच्यासारखं होईल. तुला ज्या घरात पाय टाकवत नाही, ते घर मी रोज सकाळी झाडतो. मला फोन ठेवून तिथून निघून जाता येत नाही. तू लांब असल्यामुळे तुझ्याकडची आई अजून आहे, तू आली नाहीस तोवर ती कुठेतरी स्वयंपाकघरात असेल. मला ते कळतं. मीही खरं तर तुझी वाट पाहत नव्हतो, मी तिलाच थांबवून ठेवलं होतं, तुझ्या नावानं. आपण दोघांनी एकच केलं. फक्त मी ते इथे राहून केलं.

दुसरं पाकीट पाठवू नकोस. चहा वाईट आहे म्हणून नाही. तो चांगला आहे, उरलेला मी दुपारी घेईन, पानं उकलताना बघायला आवडतं. पण कोणी विचारलं तर सांगेन, आवडतो म्हणून पितो. डोमाजीनं काडेपेटीचे पैसे आणून दिले आणि हॉटेलात बस म्हणाला. बसलो. त्यांचाच चहा घेतला. फार गोड होता.

तू मला वचन देऊ नकोस. आईच्या साड्या काकूला विचारून वाटून टाकीन, एक तुझ्यासाठी ठेवीन, निळी. घर मी पुसत राहीन, पण ते आता कोणाच्या येण्यासाठी नाही, धूळ होते म्हणून. वाट पाहणाऱ्या घरात पाय टाकणं जड जात असेल. आता मी वाट पाहत नाही. म्हणून तू कधीही ये.

या घरात राहणारा,
तुझा भाऊ
रविकांत